शिरोरेषा शेवटी ओढायची

पुण्यातल्या एका लहानशा नाश्त्याच्या हॉटेलचं काम माझ्याकडे आलं होतं. बोर्ड, मेन्यू, पार्सलच्या पिशव्या. मालकांची मागणी नेहमीचीच होती : "अक्षर जरा आपुलकीचं पाहिजे मॅडम. घरच्यासारखं. पण लांबून वाचता आलं पाहिजे."

असं अक्षर देवनागरीत शोधायला गेलं की चार-दोन फाँटांपाशी गाडी अडते. 'एक टाइप' या फाँट करणाऱ्या संस्थेचा गुबगुबीत 'बलू' आहे. 'इंडियन टाइप फाउंड्री'चा 'कलम' आहे, वहीत भरभर लिहिल्यासारखा. दोन्ही उत्तम, दोन्ही फुकट, आणि म्हणूनच दोन्ही सगळीकडे. मी 'बलू'मध्ये नाव टाकून दाखवलं, तर मालक म्हणाले, "आमच्या समोरच्या चहावाल्याचा बोर्डही असाच आहे." जाऊन पाहिलं. होता.

मग त्यांनी मोबाईलमधला एक फोटो काढून दाखवला. त्यांच्या गावच्या एसटी स्टँडजवळची भिंत, निळ्या रंगात ब्रशनं लिहिलेलं 'गरम भजी व चहा', बाजूला पिवळी शेड. अक्षरं किंचित डावी-उजवीकडे कललेली, पण शब्द कसा मस्त एका दमात उभा. "असं काहीतरी," ते म्हणाले. मी मान डोलावली आणि घरी येताना रिक्षात स्वतःवरच वैतागले. तसल्या हाताचा माणूस आमच्या घरात होता आणि मला ते सुचलं नव्हतं.

माझ्या मोठ्या काकांना आम्ही सगळे अण्णा म्हणतो. गडहिंग्लज भागातल्या दूध संस्था, किराणा-भुसार दुकानं, शाळांच्या भिंतींवरचे सुविचार, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या असं सगळं त्यांनी चाळीसेक वर्षं रंगवलं. फ्लेक्स आला आणि बोर्डांचं काम आटलं. आता शाळा आणि ट्रॉल्या तेवढ्या उरल्यात, कारण ट्रॉलीला फ्लेक्स लावला तर उसाच्या एका खेपेत फाटतो. दिवाळीनंतर मी चार दिवस काढून गावी गेले. अण्णांच्या हाताचा फाँट करायचा, एवढंच डोक्यात होतं. फाँट करण्याचा अनुभव म्हणाल तर शिकताना केलेला एक अर्धवट प्रयत्न.

पहिला दिवस वाया गेला, आणि चूक माझीच होती. मी पुण्याहून चौकटी छापलेले कागद नेले होते. एका चौकटीत एक अक्षर. अण्णांनी चष्मा लावला, पोस्टर कलरची बाटली उघडली आणि क, ख, ग, घ काढायला घेतले. शाळेतल्या फळ्यावरचं अक्षर उतरलं. नीट, घोटीव, आणि एकदम मुकं. तीन कागद झाल्यावर त्यांनी ब्रश खाली ठेवला.

"एकटं अक्षर कुठं ऱ्हातंय व्हय? शब्द सांग."

मी म्हटलं, "कांदाभजी."

त्यांनी माझे चौकटीचे कागद उलटे केले आणि कोऱ्या बाजूवर लिहिलं. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की मी लहानपणापासून हे बघत आलेय आणि तरी कधी पाहिलेलं नाही. अण्णा आधी सगळी अक्षरं उघड्या डोक्यानं उभी करतात. क-चा दंड वरून खाली, मग डावीकडचं पोट, मग उजवीकडे लोंबणारा कान. दंड ओढताना ब्रश वर दाबतात आणि खाली येता येता उचलतात, म्हणून दंड वर जाड आणि तळाला जरा निमुळता. द-ची शेपूट, काना, भ, ज, वेलांटीचा दंड, सगळं असं बोडकं मांडून होतं. मग ते थांबतात. ब्रश पुन्हा रंगात बुडवून डबीच्या कडेला दोन्ही बाजूंनी निपटतात, डाव्या हातातली काठी फळीला टेकवून त्यावर उजवं मनगट ठेवतात, श्वास धरतात, आणि शिरोरेषा एका फटकाऱ्यात डावीकडून उजवीकडे ओढतात. पहिल्या अक्षराच्या जरा अलीकडून सुरू, शेवटच्या दंडाच्या जरा पलीकडे. शेवटी ब्रश सुटताना रंग संपत आलेला असतो, त्यामुळे टोकाला दोन-तीन कोरडे केस उमटतात. मधे भ आला की ब्रश जरासा उचलायचा, कारण भ-चं डोकं डावीकडे उघडं असतं. ते झाकलं की म झाला. अनुस्वार आणि वेलांटीची कमान सगळ्यात शेवटी.

"श्वास सोडायचा न्हाई मधी," ते म्हणाले. "सोडला की रेघ पोटात बसती."

बोरूनं लिहिताना रेषेची जाडी टाकाच्या तिरक्या कापामुळे येते. हात ज्या दिशेला वळेल त्याप्रमाणे रेषा आपोआप जाड-बारीक होते. गोल ब्रशला असा काप नसतो. जाडी सगळी दाबातून येते, म्हणजे मनगटातून, म्हणजे त्या दिवशीच्या माणसातून. सुलेखनाच्या वर्गात मला हे कुणीतरी सांगितलं असणारच. पण अण्णांचं मनगट काठीवर टेकलेलं बघितल्यावर ते डोक्यात बसलं.

पुढचे तीन दिवस मी शब्द सांगितले आणि त्यांनी लिहिले. कागद रंग पितो, कडा फुटतात, म्हणून अण्णांनीच तोड काढली. ड्रॉइंग शीटला पांढऱ्या रंगाचा एक हात मारायचा, वाळवायचं, आणि त्यावर काळ्या ऑइल पेंटनं लिहायचं. जिन्याखालच्या खोलीत दोऱ्या बांधून शीट वाळत घातली होती. टर्पेंटाईनच्या वासानं काकूंनी चौथ्या दिवशी आम्हाला जवळजवळ हाकलूनच लावलं. शब्द मी ठरवून निवडले होते, म्हणजे सगळी अक्षरं, सगळ्या मात्रा आणि नेहमीची जोडाक्षरं येतील असे. पण अण्णांनी मधे मधे आपले शब्दही घुसवले : 'प्रसन्न', 'उधारी बंद', 'आई-वडिलांची कृपा'. या शब्दांत त्यांचा हात सगळ्यात मोकळा चालतो. पुढे फाँटमधली बरीच अक्षरं मी याच तीन शब्दांतून उचलली. 'उधारी बंद'मधला ध तर मी तसाच्या तसा ठेवलाय.

पुण्याला परत येऊन सगळी शीट स्कॅन केली आणि मग खरं काम सुरू झालं.

सॉफ्टवेअरला चित्र दिलं की ते आपोआप कडा शोधून बाह्यरेषा काढून देतं. पहिल्या उत्साहात मी तसं केलं. एका 'क'ला चारशेच्या वर बिंदू आले. रंगाचा प्रत्येक ओघळ, कागदाचा प्रत्येक कण त्यानं इमानेइतबारे टिपला होता. लहान आकारात ते अक्षर मळकट दिसायचं आणि मोठ्या आकारात खरूज झाल्यासारखं. म्हणून ते टाकून दिलं आणि प्रत्येक अक्षर हातानं पुन्हा काढायला घेतलं, स्कॅन खाली ठेवून, तीस-चाळीस बिंदूंत. इथे दुसरी चूक झाली, आणि ती पहिलीपेक्षा महाग पडली. माझ्या हाताला सरळ करायची सवय आहे. दंड उभा केला, तळ एका ओळीत आणला, पोटं सारखी केली. दीड महिन्यानं पंचवीस-तीस अक्षरं झाल्यावर त्यात एक ओळ लिहून अण्णांना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली.

फोन आला. "हे कुणाचं अक्षर गं?"

"तुमचंच की."

"माझं हाय व्हय हे?" थोडा वेळ शांतता. "बरं हाय. इस्त्री केल्यावानी."

फोन ठेवून मी ती सगळी फाईल बाजूला टाकली. पुन्हा स्कॅन काढले आणि या वेळी मोजमाप घेतलं. माझ्या फाँटमध्ये अक्षराच्या पूर्ण उंचीचे १००० भाग धरलेत. त्या हिशोबात अण्णांच्या दंडांचे तळ एका ओळीत कधीच नसतात. दहा-पंधरा भाग वर-खाली होतात. दंड उभेही नसतात, बहुतेक अगदी किंचित उजवीकडे झुकलेले, आणि प आणि य मात्र हटकून ताठ. का, ते त्यांनाही सांगता आलं नाही. देवनागरीत निम्म्याहून जास्त व्यंजनांना उभा दंड आहे, वर काना आहे, वेलांट्या आहेत. हे सगळे दंड एकसारखे केले की शब्दाचं कुंपण होतं. माझं तेच झालं होतं. या वेळी दंडाचे पाच नमुने घेतले आणि अक्षरांत वाटून टाकले.

शिरोरेषेचं काय करायचं, हा प्रश्न मात्र मी टाळत होते.

ब्रशच्या अक्षरांचे फाँट रोमन लिपीत फार जुने आहेत. अमेरिकन टाइप फाउंडर्सनं रॉबर्ट स्मिथ यांचा 'ब्रश स्क्रिप्ट' १९४२ मध्ये काढला. फ्रान्समध्ये रोजे एक्सकोफाँ यांनी स्वतःच्या हस्ताक्षरावरून 'मिस्ट्राल' केला, मार्सेच्या फॉन्दरी ऑलिव्हनं तो १९५३ मध्ये आणला, आणि तेही शिशाच्या खिळ्यांत, म्हणजे छपाईसाठी ओतलेल्या एकेका अक्षराच्या ठशांत. मी 'मिस्ट्राल' मोठा करून तासन्‌तास बघत बसले. त्यातली अक्षरं एकमेकांना जोडलेली आहेत. प्रत्येक अक्षराची शेपूट पुढच्या अक्षराच्या सुरुवातीला बरोबर भेटते, तरी ओळ अशी धावते की जणू कुणी घाईत चिठ्ठी खरडलीय. त्यांचा सांधा खाली, अक्षराच्या पायाशी किंवा कमरेशी. आपला सांधा डोक्यावर. पण त्यांच्या लिहिणाऱ्याचा हात खरोखरच एका अक्षरातून दुसऱ्यात जातो. आपल्याकडे हात आधी सगळी अक्षरं लिहून मोकळा होतो आणि मग वरून एकच रेघ जाते. ती रेघ कुठल्याच अक्षराची नसते. शब्दाची असते. फाँटला मात्र शब्द माहीत नसतो. त्याला एकेक अक्षर ठाऊक, म्हणजे रेघ कापावीच लागते आणि प्रत्येक अक्षराला तिचा एकेक तुकडा द्यावा लागतो.

खिळ्यांच्या छपाईतही हेच होतं. जुनं मराठी पुस्तक उजेडात धरून बघा, शिरोरेषेत अक्षराअक्षराला केसाएवढ्या फटी दिसतात. छपाईची अक्षरं ताठ असतात, त्यामुळे तुकडे जुळवले तरी चालून जातं. अण्णांची रेघ लाटेसारखी वर-खाली होते. एका अक्षराचा तुकडा वर संपला आणि पुढचा खाली सुरू झाला तर पायरी पडते.

आठवडाभर वेगवेगळे खेळ केल्यावर शेवटी हिशोब बसवला तो असा. घरातल्या सगळ्या खोल्यांचे उंबरे एका उंचीचे, खोलीतली जमीन कशीही. प्रत्येक अक्षराच्या दोन्ही टोकांना शिरोरेषेची उंची आणि जाडी पक्की, अगदी एका भागाचाही फरक नाही. मधल्या भागात तिनं हवं तेवढं वर जावं, पोटात बसावं, जाड-बारीक व्हावं. आणि प्रत्येक तुकडा टोकाला वीस भाग पुढच्या अक्षरात शिरतो, म्हणजे पडद्यावर फट दिसत नाही.

पडद्यावर 'कांदाभजी' टाइप केलं. तिथे आलं 'कांदामजी'.

मी पाच मिनिटं हसले आणि मग रडायची वेळ आली. आधीच्या कान्याचा वीस भागांचा तुकडा पुढे घुसून भ-चं उघडं डोकं झाकत होता. 'भाऊबीज'चा पहिला भ ठीक, कारण त्याच्या आधी कुणी नाही. पण 'शुभ'चा 'शुम' आणि 'लाभ'चा 'लाम'. दिवाळीच्या शुभेच्छांना वापरायचा फाँट आणि त्यात 'शुम लाम'! ध-चंही तेच, 'दूध'चा 'दूघ' होत होता, आणि गडहिंग्लजच्या पेंटरच्या फाँटमध्ये दूध बरोबर येत नसेल तर बोलायलाच नको. शेवटी भ आणि ध यांची डावी बाजू मोकळी करून दोघांनाही जरा अंगानं सरकवलं आणि त्यांच्या आधी येणाऱ्या अक्षरांचा आखूड तुकडा वेगळा केला. अण्णा ब्रश उचलायचे, त्या एका उचलण्यासाठी माझे तीन दिवस गेले.

आता रेघ जुळली, पण सगळ्या 'न'च्या डोक्यावर तोच उंचवटा. 'नाना' किंवा 'नमन' लिहिलं की लबाडी उघडी पडायची. हाताचं अक्षर स्वतःला दोनदा जसंच्या तसं लिहीत नाही. ओपनटाइप फाँटमध्ये शेजार बघून अक्षराचं रूप आपोआप बदलायची सोय असते. तिचा उपयोग करून नेहमी लागणाऱ्या अक्षरांची, म्हणजे क, त, न, र, स, आणि मुख्य म्हणजे कान्याची, तीन-तीन रूपं केली. तीही अण्णांच्याच शीटवरून, म्हणून ती खरोखर वेगळी आहेत. शब्दाच्या सुरुवातीला शिरोरेषेचं ते जरासं अलीकडून येणारं टोक, आणि शब्द संपला की कोरड्या केसांची शेपूट, हेही याच सोयीनं जमलं : आधी अक्षर नसेल तर हे लाव, पुढे अक्षर नसेल तर ते लाव. हे चालू झालं तेव्हा रात्रीचे दीड वाजले होते आणि मी उगाचच 'उधारी बंद' दहा-बारा वेळा टाइप करत बसले होते.

जोडाक्षरांबद्दल फार सांगत नाही. ते काम वेळखाऊ आहे, अवघड नाही. युनिकोडच्या, म्हणजे संगणकावरच्या प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या पद्धतीच्या, तक्त्यात देवनागरीला १२८ घरं आहेत, पण अर्धी अक्षरं आणि जोडाक्षरं त्यांत नसतात, ती फाँटनं आपली आपण बनवायची. माझी आकृत्यांची संख्या सहाशेच्या पुढे गेली. तीन गोष्टी मात्र मराठीसाठी मुद्दाम केल्या. एक, पाकळीचा ल आणि देठाचा श. राज्य सरकारनं २००९ साली वर्णमालेबद्दल जो निर्णय काढला त्यातही हेच ल आणि श आहेत, पण मला निर्णयाची गरज नव्हती, अण्णा जन्मात दंडाचा ल लिहिणार नाहीत. दुसरी, 'दऱ्या' आणि 'दर्या'. डोंगरातल्या दऱ्या वेगळ्या, समुद्र वेगळा. चंद्रकोरीसारखा आडवा ऱ नसेल तर 'ताऱ्यांचा', 'वाऱ्यावर', 'दुसऱ्याला' काहीच लिहिता येत नाही. तिसरी, 'ॲ'. 'ॲसिडिटी' या शब्दाशिवाय कुठल्या मिसळीच्या दुकानाचं भागतं?

पहिल्या वेलांटीनं मात्र छळलं. अण्णा तिची कमान अक्षराच्या रुंदीप्रमाणे ओढतात, 'रि'ला आखूड, 'स्ति'ला लांब. फाँटमध्ये कमानीच्या लांब्या आधीच करून ठेवाव्या लागतात. मी नऊ केल्या. आणि कमान शिरोरेषेच्या वर असल्यामुळे तिच्यात रफार आणि अनुस्वार अडकतात. 'मार्किंग' लिहून बघा. डोक्यावर इतकी गर्दी की कुणी कुणाच्या पायावर उभं आहे ते कळत नाही. अण्णांना विचारलं, तुम्ही कसं करता? ते म्हणाले, "जागा नसली की रफार बारका काढायचा. त्यात काय." मग मी पण बारका काढला.

एवढं झाल्यावर हॉटेलचा बोर्ड त्याच फाँटात मांडला. मालक खूश. फाईल छपाईला एका फ्लेक्सच्या दुकानात पाठवली आणि दुपारी नमुना बघायला गेले. बोर्डवर मोठ्या अक्षरांत 'मसिळ' लिहिलं होतं.

त्यांच्याकडचं सॉफ्टवेअर जुन्या आवृत्तीचं होतं. पहिली वेलांटी टाइप करताना व्यंजनानंतर येते आणि दिसताना आधी दिसावी लागते. हा क्रम बदलायचं काम ज्या यंत्रणेचं, ती तिथे नव्हतीच. ऑपरेटर बिचारा म्हणाला, "मॅडम, युनिकोड फुटतं आमच्याकडे. तुम्ही जुन्या फाँटमध्ये का देत नाही?" जुन्या फाँटमध्ये द्यायला हा फाँट जुना थोडाच होता. मी मजकुराच्या नुसत्या बाह्यरेषा करून, म्हणजे फाँट लागणारच नाही असा, तो पुन्हा पाठवला. मग त्यानं आपल्या हौसेनं अक्षरांना पांढरी आउटलाईन मारली, आणि आता प्रत्येक सांध्यावर उभी पांढरी रेघ आली. माझे ते वीस-वीस भागांचे एकमेकांत शिरलेले तुकडे! मिसळ रेल्वेच्या डब्यांसारखी दिसायला लागली. सगळे तुकडे एकत्र वितळवले की आउटलाईन शब्दाच्या बाहेरून फिरते, हे त्याला दाखवलं. पुढच्या वेळी फाईल कुणाकडेही जावो, ती मी आधीच वितळवून देते.

संक्रांतीला मी बोर्डचा फोटो आणि आठ पानांचा छापील नमुना घेऊन गावी गेले. अण्णांनी नमुना अंगणात, उजेडात नेऊन वाचला. बोटानं एकेक ओळ सरकवत. 'उधारी बंद'पाशी थांबले, हसले. मग शेवटचं पान उलटं करून मागची बाजू पाहिली, पुन्हा पुढची बघितली.

"सही कुठं हाय?"

पेंटर बोर्डच्या उजव्या कोपऱ्यात खाली बारीक अक्षरात सही करतो. त्यावरून पुढचं काम मिळतं. फाँटला कोपरा नसतो, हे मला तोवर जाणवलंच नव्हतं. दिल्लीच्या हनीफ कुरेशी यांनी रस्त्यावरच्या पेंटरांची अक्षरं संगणकावर आणली तेव्हा फाँटला त्या त्या पेंटरचंच नाव दिलं होतं. मी अण्णांना ते सांगितलं आणि तसंच करूया म्हटलं. त्यांना ते रुचलं नाही. "माझ्या नावानं कुणीबी कायबी लिहील. उद्या निवडणुकीत लिहिलं तर?" पैशांचं म्हटलं, तर म्हणाले, बोर्डाचे पैसे एकदाच घ्यायचे असतात. शेवटी विक्रीतला निम्मा वाटा कागदावर लिहून त्यांची सही घेतली, काकूंनी सांगितलं म्हणून घेतली. आणि सहीची ती बारीक अक्षरं मी फाँटमध्ये एका खुणेच्या जागी टाकून ठेवली आहेत, कुणी शोधली तर सापडतील. नाव अजून ठरायचंय.

मला वाटलं, झालं. मी चहाचे कप उचलत होते तेवढ्यात त्यांनी खिशातलं पेन काढलं आणि नमुन्यावर 'गरम'च्या ग-भोवती गोल केला. मग 'गूळ'च्या. मग 'गावरान'च्या.

"हा ग माझा न्हाई."

मी मोबाईलवर स्कॅन उघडून दाखवला. त्यांच्याच हाताचा, त्यांच्याच शीटवरचा. त्यांनी चष्मा वर करून बघितला.

"चौथ्या दिवसाचा आसल. तवा तुझी काकू वरडत हुती, हात घाईत हुता. ग-ची गाठ अशी सुटी नसती माझी." आणि नमुन्याच्या कोऱ्या जागेत पेननं एक ग काढला, गाठ पोटाशी आवळलेली. पेननं काढला म्हणून तो मला वापरता येणार नाही, हे त्यांनाही माहीत होतं. ग्य, ग्र, ग्ल, ग्ध, सगळीकडे तो सुटा ग बसलेला आहे. मोजले तर सतरा ठिकाणी.

पुढच्या रविवारी पुन्हा जायचंय. काकू त्या दिवशी माहेरी असणार आहेत, अण्णांनी विचारून घेतलंय.